निरोपाचें बंदर

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलाच्या घरीं जाणें हा एक चमत्कारिक प्रवास आहे. त्याला यात्रा म्हणावें तर पुण्याचा हिशेब लागत नाहीं, आणि पाहुणचार म्हणावा तर यजमान आपल्याच कडेवर वाढलेला असतो. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॉर्क या बंदराच्या शहरीं आम्ही सपत्नीक तीन आठवडे राहून नुकतेच परत आलों. जातांना आमच्या पेटींत मेतकूट, गोडा मसाला, आमसुलें आणि लिंबाचें लोणचें असा सरंजाम होता. त्यांतील एकूण एक जिन्नस सौभाग्यवतींनीं कागदावर लिहून घेतला होता. यादींत न लिहिलेली वस्तु एकच होती, आणि तीच सर्वांत जड होती. 'आतां परत केव्हां येणार?' हा तो प्रश्न. चिरंजीवांना तिकडे जाऊन आठ वर्षें झालीं. भ्रमणध्वनीच्या कृपेनें त्यांचें तोंड रोज रात्रीं दिसतें. पण कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते पडद्यावरच्या तोंडाला विचारतां येत नाहींत, समोर जेवावयास बसलेल्या माणसालाच विचारावे लागतात. तो विचारण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. उत्तर ऐकण्याचें काम सौभाग्यवतींनीं स्वतःकडे ठेवलें होतें.

कॉर्क म्हटलें कीं आपल्याकडील माणसास बाटलीचें बूच आठवतें. शहराच्या नांवाचा बुचाशीं कांहींएक संबंध नाहीं. दलदल या अर्थाच्या एका आयरिश शब्दावरून तें आलें आहे, आणि शहर पाहिलें म्हणजे तें सार्थ वाटतें. ली नांवाची नदी गांवाच्या तोंडाशीं दुभंगते, गांवाला दोन्ही हातांनीं कवळते आणि पलीकडे पुन्हां एक होऊन खाडीला मिळते. मधल्या बेटावर मूळ शहर वसलेलें आहे. आज जे रुंद रस्ते दिसतात त्यांपैकीं कित्येक पूर्वीं पाण्याचे कालवे होते, आणि व्यापाऱ्याच्या दाराशीं गलबत लागत असे. सेंट पॅट्रिक स्ट्रीट हा मुख्य पेठेचा रस्ता अठराव्या शतकाच्या अखेरीस असाच पाण्यावर पांघरूण घालून झाला; म्हणून तो सरळ न जातां नदीसारखा बांक घेऊन जातो. पाणी झांकलें तरी वळण राहतें, असें तेव्हां आमच्या मनांत आलें.

शहर मोठें बोलकें आहे. बसमधून उतरणारा प्रत्येक उतारू हांकणाऱ्याचे आभार मानून मगच खालीं पाय ठेवतो. पावसाची झिमझिम लागली असली म्हणजे 'आजचा दिवस मऊ आहे' असें म्हणून अनोळखी माणसें एकमेकांचें सांत्वन करतात. पहिले दोन दिवस आम्हांस त्यांच्या इंग्रजीचें एकही वाक्य धड समजलें नाहीं. शब्दाच्या पुढें हेल धांवतो. वाक्य मंद्र सप्तकांत सुरू होऊन तार सप्तकांत संपतें. सौभाग्यवतींचें माहेर मालवणाकडचें. त्यांनीं तिसऱ्या दिवशीं निकाल दिला, "हे आमच्याकडचेच लोक. भाषा तेवढी वेगळी." योगायोग असा कीं, त्याच दिवशीं एका टॅक्सीवाल्यानें आमचा मुलूख विचारून घेतला आणि लिओ वराडकरांची गोष्ट काढली. २०१७ ते २०२० आणि पुन्हां २०२२ ते २०२४ या काळांत आयर्लंडचे पंतप्रधान असलेल्या या गृहस्थांच्या वडिलांचें मूळ गांव मालवण तालुक्यांतील वराड. तेव्हांपासून सौभाग्यवतींनीं सबंध आयर्लंड माहेरच्या नात्यांत जमा करून टाकलें.

मंडई पाहिल्याशिवाय गांव पाहिल्याचें समाधान त्यांस होत नाहीं. येथील मंडईचें नांव 'इंग्लिश मार्केट'. १७८८ सालीं ती सुरू झाली त्या वेळीं नगरसभा इंग्रज सत्तेशीं एकनिष्ठ असलेल्या प्रॉटेस्टंट लोकांच्या हातीं होती. ती त्यांची मंडई, म्हणून इंग्लिश. पुढें सत्ता बदलली, मालक बदलले, नांव तेवढें राहिलें. उंच छपराखालीं मांस, मासळी, लोणी, पाव आणि चीज यांचे गाळे आहेत. रक्तापासून केलेली 'ड्रिशीन' नांवाची एक वस्तु तेथील जुन्या लोकांस फार प्रिय आहे. ती पाहतांच सौभाग्यवतींचा पदर नाकाशीं गेला. पण मासळीच्या ओळीपाशीं येतांच तोच पदर कमरेला खोंचला गेला. बर्फावर आपल्या बांगड्याचा एक आयरिश चुलतभाऊ निळी-हिरवी पाठ दाखवीत पडला होता. त्यांनीं कल्ला उघडून पाहण्यासाठीं बोट पुढें केलें तेव्हां विक्रेता हंसून म्हणाला, "आज सकाळचाच आहे, पोरी." त्या गांवीं बाईमाणसाला कोणत्याही वयांत असेंच म्हणण्याची रीत आहे. पासष्टाव्या वर्षीं पोरी म्हणवून घेतलेल्या सौभाग्यवतींनीं चार मासे अधिक घेतले.

त्या संध्याकाळीं आमसुलें घालून कालवण झालें. चिरंजीवांनीं आपलें ताट वाढण्यापूर्वीं एक वाटी भरून शेजारच्या आजीबाईंकडे नेऊन दिली. एकट्या राहणाऱ्या या बाईंकडे चिरंजीवांच्या घराची दुसरी किल्ली असते व चिरंजीव दर आठवड्यास त्यांचा केराचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवतात, ही माहिती आम्हांस तेव्हां प्रथम मिळाली. दुसऱ्या दिवशीं वाटी परत आली ती स्कोन नांवाच्या गोड पावांनीं भरलेली. "रिकामी वाटी परत करूं नये हें यांना कोणी शिकविलें?" असें सौभाग्यवती स्वतःशींच म्हणाल्या. आम्ही तो प्रश्न विचारावयाचें त्या रात्रीं ठरविलें होतें. पण कालवण खाऊन तृप्त झालेल्या मुलास असें कांहीं विचारणें बरें दिसलें नाहीं.

नदीच्या उत्तरेस शँडन नांवाची टेकडी आहे. तेथील सेंट ॲन या चर्चचा मनोरा १७२२ सालच्या इमारतीचा. त्याच्या दोन बाजू तांबड्या दगडाच्या व दोन पांढऱ्या दगडाच्या, आणि माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारा सोनेरी सालमन मासा. चार बाजूंस चार तबकड्या आहेत. त्यांचे कांटे एकमेकांशीं जुळत नाहींत, म्हणून गांवकरी या घड्याळास 'चार तोंडांचा लबाड' म्हणतात. तास भरला कीं मात्र चारी तोंडांचें एकमत होतें. मनोऱ्यांत आठ घंटा आहेत, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दोऱ्या ओढून त्या वाजवूं देतात. आम्हींही एका आरतीची चाल काढून पाहिली. खालच्या गांवानें ती निमूटपणें सहन केली.

हें घड्याळ बसविलें तें साल १८४७. आयरिश लोक या सालाला 'काळें सत्तेचाळीस' म्हणतात. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, आणि ज्यांचें सारें पोट बटाट्यावर, त्या गरिबांचा संहार सुरू झाला. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची वस्ती ८१ लाखांहून अधिक होती; १८५१ सालीं ती ६५ लाखांवर आली. सुमारें दहा लाख लोक मेले आणि सुमारें तितकेच देश सोडून गेले. मनोऱ्याच्या पायथ्याशींच १७७० सालीं स्थापन झालेला लोण्याचा बाजार होता. येथून लोण्याचीं पिंपें दूरदूरच्या देशांस जात, आणि त्या दुष्काळांतही तीं जात राहिलीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें माणसें उपाशी मरत असतां हिंदुस्थानांतून गहूं विलायतेस जातच होता, हें आम्हांस वरून खालीं पाहतांना आठवलें. भूक दोन मुलखांची होती. हिशेबाची वही एकच होती.

नगरसभेच्या इमारतीपुढें दोन महापौरांचे अर्धपुतळे आहेत. टोमास मॅक् कर्टन यांना २० मार्च १९२० रोजीं त्यांच्या राहत्या घरीं गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांच्यामागून आलेल्या टेरेन्स मॅक्स्विनी यांना इंग्रज सरकारनें त्याच वर्षीं पकडलें. त्यांनीं अन्नत्याग केला आणि ७४ व्या दिवशीं, २५ ऑक्टोबर १९२० रोजीं, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगांत देह ठेवला. आमच्या आजोबांच्या पिढींत हें नांव घरोघर माहीत होतें. १९२९ सालीं लाहोरच्या तुरुंगांत ६३ दिवसांच्या उपोषणानें जतींद्रनाथ दास गेले, तेव्हां मॅक्स्विनींच्या कुटुंबानें दुखवट्याची तार पाठविली होती. मॅक्स्विनी गेल्यावर दोन महिन्यांच्या आंतच, डिसेंबर १९२० मध्यें, सरकारी सैनिकांनीं कॉर्कचा मध्यभाग एका रात्रींत जाळला. त्यांत नगरसभेची जुनी इमारतही गेली. आजची इमारत १९३६ सालची आहे. उपास, आग आणि देशत्याग इतकें सारें भोगलेलें गांव इतकें हंसतमुख कसें, हें कोडें आम्हांस तेथून पुढें छळूं लागलें.

एका दुपारीं चिरंजीव आम्हांस विद्यापीठांत घेऊन गेले. १८४९ सालीं येथें क्वीन्स कॉलेज उघडलें, तेव्हां गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून जॉर्ज बूल आले. चांभाराचा मुलगा, बहुतेक विद्या स्वतःच मिळविलेली, इंग्लंडांतून चौतिसाव्या वर्षीं नोकरीसाठीं येथें आलेला. 'खरें' आणि 'खोटें' यांचें बीजगणित मांडणारा त्यांचा ग्रंथ १८५४ सालीं निघाला. आज जगांतील प्रत्येक संगणक त्या बीजगणितावर चालतो, आणि आमच्या चिरंजीवांची भाकरीही त्यावरच चालते. येथेंच बूल यांची मेरी एव्हरेस्ट यांच्याशीं गांठ पडली. हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास ज्यांचें नांव दिलें आहे, त्या हिंदुस्थानच्या सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची ही पुतणी. १८६४ सालीं बूल भर पावसांतून चालत शिकवावयास आले, ओल्या कपड्यांनींच व्याख्यान दिलें, आणि त्यांतून झालेल्या आजारानें पन्नाशीच्या आंत वारले. त्यांना मूठमाती कॉर्कलाच मिळाली.

हें सांगून झाल्यावर चिरंजीव सहज म्हणाले, "बाबा, हाही बाहेरूनच आला होता." बोलणें सहज होतें, पण ते आमच्याकडे न पाहतां बोलले. आमच्या पेटींतील ती अलिखित वस्तु त्यांनीं पहिल्याच दिवशीं हेरली होती, हें आम्हांस त्या क्षणीं कळून चुकलें. आम्ही छत्री उघडली. दिवस मऊ होता.

कॉर्कचें खरें बंदर शहरापासून आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंत आहे. गांवाचें नांव कोव्ह. १८४९ सालीं व्हिक्टोरिया राणी येथें उतरली तेव्हां गांवाला क्वीन्सटाउन म्हणूं लागले. स्वातंत्र्याच्या धामधुमींत तें नांव पुसून जुनें नांव आयरिश लेखनानें परत आलें. बंदर असें कीं, पाहणाऱ्याला तें समुद्र न वाटतां तळें वाटावें. डोंगरांनीं चहूंकडून वेढलेलें, आणि बाहेर जाण्यास एकच अरुंद दार. मध्यें स्पाइक नांवाचें बेट आहे. देशांतून हद्दपार करावयाच्या कैद्यांस तेथें ठेवीत; जॉन मिचेल यांना १८४८ सालीं येथूनच बर्म्युडास नेलें. अंदमानच्या वाटेची आठवण असलेल्या माणसास हें बेट ओळखीचें वाटतें. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजांनीं तें सोडलें नाहीं. ११ जुलै १९३८ रोजीं तें आयरिश लोकांच्या ताब्यांत आलें.

चढत्या रस्त्यावर रंगीत घरांची ओळ पत्ते मांडल्यासारखी एकमेकांस टेंकून उभी आहे, आणि त्यांच्या माथ्यावर सेंट कोलमनचें कॅथेड्रल. १८६८ सालीं काम सुरू झालें आणि १९१९ सालीं पुरें झालें. या पन्नास वर्षांत लाखों माणसें त्याच्या पायथ्यावरून जहाजांत चढलीं. १८४८ ते १९५० या काळांत सुमारें २५ लाख आयरिश लोकांनीं या एका बंदरांतून देश सोडला असें सांगतात. ज्यांनीं पाया पाहिला त्यांनीं कळस पाहिला नाहीं. आतां तेथें ४९ घंटांचें वाद्य आहे आणि त्याचे सूर पाण्यावर दूरवर जातात.

जाणाऱ्या माणसासाठीं त्या काळीं खेड्यापाड्यांतून एक चाल होती. माणूस मेल्यावर रात्रभर जागावयाचें असतें, तसें अमेरिकेस जाणाऱ्यासाठीं आदल्या रात्रीं जागत. खाणें, पिणें, नाच, गाणीं, आणि पहांटे रडणें. मेलेला परत येत नाहीं आणि अमेरिकेस गेलेलाही परत येत नाहीं, असा त्यामागें रोखठोक हिशेब होता. चिरंजीवांच्या तोंडून हें ऐकतांना सौभाग्यवतींनीं मान फिरविली. आठ वर्षांपूर्वींची रात्र आम्हां दोघांनाही आठवत होती. आम्हीं नाच केला नव्हता इतकेंच. पेट्या तीनतीनदां तोलल्या होत्या, आणि निघतांना तळहातावर दहीं घातलें होतें. चिरंजीव चुकून "जातो" म्हणाले, तेव्हां त्यांच्या आईनें ओरडून "येतो म्हण" असें दुरुस्त करविलें होतें.

धक्क्यावर ॲनी मूर या मुलीचा व तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १ जानेवारी १८९२ रोजीं आगंतुकांची नोंद सुरू झाली, तींत पहिलें नांव तिचें. ती येथूनच निघाली होती. सौभाग्यवती बराच वेळ पुतळ्याभोंवतीं फिरल्या आणि म्हणाल्या, "पोरांचा पुतळा केला. धक्क्यावर उभे राहिलेल्या आईबापांचा कोठें आहे?"

चिरंजीव हळूच म्हणाले, "आई, तिचे आईबाप आधींच अमेरिकेला गेले होते. ही पोरें त्यांच्याकडेच चाललीं होतीं."

यावर सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांलाही बोलावयास कांहीं राहिलें नाहीं. निरोपाचें चित्र मनांत आधींच रंगवून ठेवलेलें असतें, आणि त्यांत आपली जागा धक्क्यावरची धरलेली असते. तें चित्र आमच्या हातून कोणीतरी काढून घेतल्यासारखें झालें.

याच बंदरांतून ११ एप्रिल १९१२ रोजीं टायटॅनिकवर १२३ उतारू चढले. अमेरिकेच्या वाटेवरचें तिचें हें शेवटचें बंदर. आणि ७ मे १९१५ रोजीं किन्सेलच्या टोकाजवळ जर्मन पाणबुडीनें लुसिटानिया बुडविली. अठरा मिनिटांत जहाज गेलें. सुमारें बाराशें माणसें मेलीं. गांवचे मचवे, लहानमोठ्या होड्या, मिळेल तें घेऊन लोक धांवले. वांचलेल्यांना कोव्हच्या घरांतून कपडे व अंथरुणें मिळालीं. दीडशेंहून अधिक मृतांना येथील दफनभूमींत जागा मिळाली. कोण कोणत्या देशाचा, हें विचारण्यापूर्वीं कबरी खणल्या गेल्या.

शेवटच्या आठवड्यांत आम्हांस पश्चिमेकडच्या किनाऱ्यानें एका ठिकाणीं जावयाचें होतें. तें ठिकाण पाहण्याची इच्छा आमची. वाटेंत स्किबरीन गांवीं थांबलों. तेथील ॲबीस्ट्रूरीच्या स्मशानांत हिरवळीचा एक तुकडा आहे. त्याखालीं मोठ्या दुष्काळांत मेलेले आठ ते दहा हजार लोक आहेत. एकाचेंही नांव लिहिलेलें नाहीं. हिरवळ इतकी नीटनेटकी होती कीं, तिच्यावर पाय ठेवण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

तेथून पुढें रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंस फ्यूशियाचीं लाल फुलें लोंबकळतात, आणि डन्मॅनस नांवाच्या आखाताच्या कांठीं अहाकिस्ता हें लहानसें खेडें लागतें. येथें एअर इंडियाच्या 'सम्राट कनिष्क' या विमानांतील मृतांचें स्मारक आहे. २३ जून १९८५ च्या सकाळीं कॅनडाहून लंडनमार्गें दिल्ली-मुंबईस निघालेलें तें विमान, त्यांत दडविलेल्या बॉम्बनें, या किनाऱ्यापासून सुमारें १९० किलोमीटरांवर आकाशांतच फुटलें. ३०७ उतारू आणि २२ कर्मचारी, मिळून ३२९ माणसें गेलीं. सुट्टींत आजीआजोबांकडे येणारीं लहान मुलें त्यांत पुष्कळ होतीं. व्यापारी जहाजें, हेलिकॉप्टरें आणि आयरिश आरमाराची 'ॲशलिंग' ही नौका यांनीं खवळलेल्या समुद्रांतून १३१ देह बाहेर काढले. ते कॉर्कच्या इस्पितळांत आणले. नातेवाईक कॅनडाहून आणि हिंदुस्थानांतून आले, तेव्हां कॉर्कच्या लोकांनीं त्यांना घरच्या माणसांप्रमाणें वागविलें. ज्यांचें माणूस सांपडलें नाहीं, त्यांना टेंकावयास सर्वांत जवळची जमीन हीच. म्हणून पुढल्याच वर्षीं, १९८६ सालीं, येथें एक सूर्यघटिका उभारली. दर २३ जूनला लोक तेथें जमतात, आणि त्यांत गांवचे लोक असतातच.

आम्ही गेलों तेव्हां तेथें कोणी नव्हतें. समुद्र शांत होता. कोरलेलीं नांवें वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली. एकच आडनांव कोठें तीनदां, कोठें चारदां येत होतें. सबंध घरेंच्या घरें गेलीं होतीं. बागेच्या कडेला एक वयस्क बाई वाळलीं पानें गोळा करीत होती. तिनें वर पाहून सौभाग्यवतींस विचारलें, "तुम्ही यांच्यापैकीं कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीं," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आपण येथें येऊन कांहीं आगळीक केली कीं काय अशा मुद्रेनें त्यांनीं आमच्याकडे पाहिलें.

"आम्हीही कोणाचे नव्हतों," ती बाई म्हणाली, आणि पुन्हां पानें वेंचूं लागली.

परत येतांना मोटारींत कोणी फारसें बोललें नाहीं. आम्हांस छळणारें कोडें त्या बाईनें न कळत सोडवून टाकलें होतें. ज्या किनाऱ्यानें दीडशें वर्षें आपलीं माणसें समुद्रापार पाठविलीं, आणि त्यांना तिकडे कोणीतरी अनोळखी माणसानें दार उघडावें म्हणून देवाजवळ मागणें घातलें, तो किनारा समुद्रावरून आलेल्या परक्यासाठीं दार उघडावयास उशीर कसा करील? या लोकांचा हंसरेपणा दुःख विसरल्याचा नव्हे. निरोप देऊन देऊन त्यांचे हात स्वागताला सरावलेले आहेत. उदाहरणादाखल दूर जावयास नको होतें. शेजारच्या आजीबाईंची दोन मुलें ऑस्ट्रेलियांत आहेत, आणि आमच्या मुलाच्या घराची किल्ली त्यांच्या खुंटीवर आहे. आम्ही ज्याला हरवल्याचा हिशेब मांडीत होतों, त्याला येथें कोणीतरी सांपडल्याच्या बाजूस लिहून ठेवलें होतें.

म्हणजे आमचा प्रश्न मिटला असें नव्हे. तो आहे तेथेंच आहे. मुलाचें घर कॉर्कला आणि आमचें पुण्याला, यांच्या मधलें अंतर कोणत्याही विचारानें एक कोसही कमी होत नाहीं; आणि आमच्या वयांत रात्रीं छातींत कळ आली तर किल्ली कोणाच्या खुंटीवर आहे, हें चिरंजीवांनींही कधीं तरी मनांत विचारलें असेल. परंतु तो प्रश्न ज्या स्वरांत आम्ही विचारणार होतों, तो स्वर आमच्यापाशीं उरला नाहीं. 'परत केव्हां येणार' यांत थोडी आज्ञा होती आणि थोडा गुन्ह्याचा पुकारा होता. शेवटच्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं इतकेंच विचारलें, "इथें बरें चाललें आहे ना?" चिरंजीव थोडे थांबले आणि म्हणाले, "बरें चाललें आहे, बाबा. पण दिवाळीला होत नाहीं." उत्तर ऐकण्याचें काम ज्यांच्याकडे होतें, त्यांनीं तें ऐकलें आणि भांडीं आवरावयास घेतलीं.

निघावयाच्या दिवशीं शेजारच्या आजीबाई पहांटे दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. पेट्या आतां हलक्या होत्या. मेतकूट व मसाला मागें राहिला होता. सौभाग्यवती जोडे घालीत असतांना चिरंजीवांनीं हांक मारली, "आई, थांब." ते स्वयंपाकघरांतून एक वाटी व चमचा घेऊन आले. आईच्या उजव्या तळहातावर त्यांनीं चमचाभर दहीं घातलें, मग आमच्या. मुलखाचें दहीं तें, किंचित गोडसर. आठ वर्षें मऊ पाऊस पडून गेला होता, आणि खालचें वळण जसेंच्या तसें होतें.

त्या घरचे यजमान ते, आणि निघालेले पाहुणे आम्ही. तेव्हां शब्द उच्चारण्याची पाळी आमची होती. आम्हीं घसा साफ केला आणि म्हटलें, "येतों."

"या," चिरंजीव म्हणाले.